स्त्रियांवरील सामाजिक निर्बंध (कर्जत–खालापूर परिसर)

स्त्रीचा संचार, वेश, विवाह, श्रम व मालमत्ता यांवर कुटुंब, जात किंवा शासन यांनी घातलेल्या मर्यादा. असे निर्बंध बहुतेक सर्व समाजांत आढळतात. चीनमध्ये मुलींची पावले बांधून ती खुंटविण्याची चाल विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत होती. इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत विवाहितेची मजुरीदेखील कायद्याने पतीची ठरे. महाराष्ट्रात त्यांचा मोठा भार वैधव्यावर पडला. सह्याद्रीच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर तालुके (रायगड जिल्हा; १९८१ पूर्वीचा कुलाबा) या दृष्टीने लक्षणीय होत; कारण तेथे उच्चवर्णीय, कुणबी, आगरी, ठाकर व कातकरी हे समाज एकमेकांलगत राहत आले आहेत.

ब्राह्मण व कायस्थ प्रभू यांत विधवाविवाह निषिद्ध असे. ब्राह्मण विधवेस केशवपन, तांबडे वा पांढरे लुगडे, एकभुक्त राहणे व मंगलकार्यांतून बहिष्कृती सोसावी लागे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर त्यांनाही बहिष्कार भोगावा लागला.

कुणबी, आगरी आणि आदिवासी जमातींत विधवेचा पाट लागे. तथापि तो लग्नाच्या बरोबरीचा नव्हे. पाटाचा विधी बहुधा रात्री, मोजक्या माणसांत उरकीत. वर अविवाहित असल्यास त्याचे लग्न प्रथम रुईच्या झाडाशी लावण्याची चाल अनेक जातींत होती. विधवेचा अपशकुन टाळण्यासाठी तो दोष झाडाने घ्यावा, अशी ही कल्पना. ठाकरांत लग्नविधीची गाणी गाणाऱ्या धवळेरी या स्त्रियाच असतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. विधीतील हा मान मिळकतीच्या हक्कात मात्र उतरला नाही.

१८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाह वैध ठरविला, पण त्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाहित स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येई. ज्या जातींत पाट पूर्वीपासून रूढ होता, त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कलम लागू केले. म्हणजे ज्या कायद्याने ब्राह्मण विधवेस मोकळीक द्यावयाची, त्यानेच कुणबी विधवेची शेतजमीन दिरा-पुतण्यांकडे जाण्याचा मार्ग पक्का केला. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. त्यापूर्वी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेस वारसाने आलेल्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली होती.

भूमिहीन कातकरी स्त्रीला या कायद्यांचा फारसा उपयोग नव्हता. पडदा वा सोवळे तिच्या वाट्यास आले नाही. पावसाळ्यानंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत मजुरीची बोली नवरा-बायकोच्या जोडीवर होते. आगाऊ रक्कम पुरुषाच्या हाती पडते; ती फेडण्यासाठी दोघेही राबतात. भट्टीवर स्त्री विटांची वाहतूक करते, स्वयंपाक करते, मूलही सांभाळते; हिशेबात मात्र तिचे नाव स्वतंत्रपणे सहसा येत नाही.