एक पोते कागदाचे

मंडळी, कचरा म्हणजे काय? आपण म्हणतो, टाकाऊ वस्तू म्हणजे कचरा. पण तसे नाही. चार कामाच्या वस्तू एकत्र कालवल्या, की त्यांचा कचरा होतो. हे आम्हाला भंगार वेचणाऱ्या एका बाईने शिकवले.

आमच्या शाळेमागे एक खड्डा होता. फाटके कागद, खोकी, तेलाच्या पिशव्या, फुटकी काच, खिचडीचे उष्टे, सगळे त्यात पडे. दर शनिवारी शिपाईमामा त्याला काडी लावीत. प्लॅस्टिकचा काळा धूर वर्गात शिरे. पोरे खोकत. तो धूर विषारी असतो, हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही खिडक्या लावून घेत असू. झाले!

एके दिवशी त्या खड्ड्यात ती बाई भंगार वेचीत होती. काचेने तिचा तळहात कापला. आम्ही हात धुवून पट्टी बांधली. ती म्हणाली, “गुरुजी, काच तेवढी निराळी ठेवली असती, तर माझा हात वाचला असता. अन् हा कागद कोरडा असता, तर शाळेलाही चार पैसे मिळाले असते.”

आम्ही मनात शरमलो. दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. वरून हुकूम नव्हता. पैसाही लागला नाही. आम्ही आणि शिपाईमामा, दोघेच. व्हरांड्यात एक रिकामे पोते टांगले. त्यात फक्त कागद टाकायचा.

पहिला महिना फसला. पावसाची झड आली, कागद भिजला. कोणी त्यात उष्टी भाकरही टाकली. भंगारवाला म्हणाला, “गुरुजी, हा कागद नव्हे, चिखल आहे.” मग पोते आत घेतले. उष्ट्यासाठी निराळी बादली ठेवली. पुढच्या खेपेला त्याने सगळा कागद तोलून नेला.

निराळे का ठेवायचे? रद्दी कारखान्यात जाते. तेथे तिचा लगदा करून नवा कागद आणि पुठ्ठा बनवतात. तेलकट, खरकट्या कागदाने लगदा बिघडतो. काच आणि लोखंड वितळवून पुन्हा वापरता येते. ॲल्युमिनियमचेही तसेच. खाणीतल्या दगडापासून ते करायला जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे विसाव्या हिश्शात ते भंगारापासून होते. प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे करतात. पण मळलेल्या, मिसळलेल्या प्लॅस्टिकला भाव नाही.

तुम्ही दूध डेअरीत, सोसायटीत, गिरणीत, दुकानात कामाला असाल. तेथेही हे जमेल. एवढे करावे:

१. आधी भंगारवाल्याला विचारावे, तो काय काय घेतो.

२. एकाच वस्तूपासून आरंभ करावा. कागद सोपा. तो कोरडा ठेवावा.

३. ज्याने टाकायचे, त्यानेच निराळे टाकावे. मागून निवडत बसणे कोणाच्या नशिबी येऊ नये.

४. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवावी.

५. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे यात मुळीच टाकू नयेत. घरीही वापरू नयेत.

६. आलेला पैसा सर्वांना दिसेल असा फळ्यावर लिहावा. चांगले काम पुष्कळदा पैशाच्या संशयाने मोडते.

आमच्या पहिल्या पैशातून रबरी हातमोज्यांचे दोन जोड आले. एक शिपाईमामांना, एक त्या बाईला. पुढे कागदाबरोबर काच आणि पत्राही निराळा ठेवू लागलो. तेव्हापासून ती बाई खड्ड्यात उतरली नाही. महिन्याला येई, व्हरांड्यात बसून चहा घेई, आणि निवडलेला माल नेई. खड्ड्यात आता पालापाचोळा आणि उष्टे पडू लागले. त्यावर माती टाकून खत केले. शनिवारचा धूर बंद झाला.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले, की आधी हाती झाडू घेत. कीर्तन मागाहून होई. आपणही तसेच करावे. उद्या कामावर जाताना घरून एक रिकामे पोते न्यावे. सांगणे मग आपोआप होईल.