वादळी रात्रीं चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण हंसत हंसत म्हणतों. पण ज्या मोटारींतच निजण्याची, स्वयंपाकाची आणि चार माणसांनीं बसण्याउठण्याची सोय असते, तिला ही म्हण जितकी शोभते तितकी दुसऱ्या कशालाहि शोभत नसेल. या गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. परदेशीं राहणारीं आपलीं मुलें सुट्टींत अशी गाडी भाड्यानें घेतात व आईवडील भेटीस आले म्हणजे त्यांनाहि तींत बसवून हिंडवितात. कांहीं वर्षांपूर्वीं सप्टेंबर महिन्यांत आमच्या कन्येनें आम्हां उभयतांना असेंच आइसलंडला नेलें. तेथें वाऱ्यांत काढलेल्या एका रात्रीनें जें शिकविलें, तें आपणांस सांगावें असें मनांत आहे.

आइसलंड हें उत्तर अटलांटिक महासागरांतील बेट वादळांच्या अगदीं रहदारीच्या वाटेवर आहे. झाडी थोडी, त्यामुळें वाऱ्याला आडकाठी नाहीं. तेथें वाऱ्याचा वेग सेकंदाला इतके मीटर असा सांगतात. वीस मीटर हा आंकडा आपल्याला किरकोळ वाटतो. पण त्याला ३.६ नें गुणलें कीं ताशीं ७२ किलोमीटर होतात, आणि बोफर्टच्या प्रसिद्ध श्रेणींत त्याची जागा आठवी लागते.

वारा दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. गाडीची एक बाजू अदमासें दहा चौरस मीटर धरा. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा तिच्यावर सुमारें ६० किलो वजनाइतका रेटा देतो. २० मीटरला तोच रेटा २४० किलोंच्या वर जातो, आणि ३० मीटरला साडेपांचशें किलोंच्या घरांत. आतां गाडी उलटेल काय? आमच्या सौभाग्यवतींनीं रात्रभर हाच प्रश्न विचारला. तीन टन वजनाची, बेताच्या उंचीची, उभी असलेली गाडी वीस मीटरच्या वाऱ्यानें उलटत नाहीं. ती डोलते, कारण तिचा डोलारा स्प्रिंगांवर असतो. उंच पण हलक्या गाड्या व मोटारीमागें ओढावयाचीं घरें यांची गोष्ट निराळी. आणि धांवत्या गाडीची तर फारच निराळी. म्हणून वारा वाढला असतां दुसरा मुक्काम शोधण्यासाठीं रात्रीं रस्त्यावर निघणें हें पुष्कळदां जागच्या जागीं राहण्यापेक्षां अधिक धोक्याचें असतें.

गाडी उभी करतांना तिचें तोंड वाऱ्याकडे असावें. बाजूपेक्षां तोंडाचें क्षेत्र निम्म्याहूनहि कमी, त्यामुळें डोलणें कमी होतें. दुसरा लाभ दारांचा. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या पुढील कडेला असतात. वारा समोरून असला तर तो दार मिटवूं पाहतो; पाठीमागून असला तर दार उघडतांच त्याच्या आंत शिरून तें पुढें भिरकावतो, व बिजागऱ्या वांकतात. अशा नुकसानीला तेथील पुष्कळशा भाडेकरारांतला विमा लागू नसतो, हें सही करण्यापूर्वीं वाचून घ्यावें. दार नेहमीं दोन्ही हातांनीं धरून उघडावें.

डोंगराचा आडोसा बरा, असें आपल्याला सह्याद्रीच्या संवयीनें वाटतें. येथें मात्र फसगत होते. डोंगरावरून पलीकडे उतरणारा वारा लाटेसारखा खालीं आदळतो. २०१० सालीं ज्याच्या राखेनें युरोपांतील विमानें थांबविलीं, त्या एयाफ्यातलायेकुलच्या दक्षिण पायथ्याशीं उत्तरेचा वारा असला म्हणजे असेच झोत येतात. सरासरी वेग पंधरा, तर झोत तिसांचा! म्हणून हवामानखात्याचा अंदाज पाहतांना सरासरीवर न थांबतां झोतांचा आंकडा पाहावा. पिवळा, नारिंगी व तांबडा असे इशारेहि तें खातें देतें. रात्रीं वाटेल तेथें थांबतांहि येत नाहीं. २०१५ च्या अखेरीस अंमलांत आलेल्या कायद्याप्रमाणें नेमलेल्या तळाबाहेर गाडींत निजावयाचें तर जमीनमालकाची अनुज्ञा लागते. तेव्हां जागा दिवसाउजेडींच निवडावी.

आम्ही तळावरील स्नानगृहाच्या इमारतीआड उभे राहिलों. गाडीचें वर उचलावयाचें कापडी छप्पर खालीं घेतलें. हें छप्पर वाऱ्यांत शिडासारखें फुगतें. बाहेरचा मांडव तर आधींच गुंडाळावा.

एवढें झाल्यावर मी एक मूर्खपणा केला. जमिनीलगतच्या झरोक्यांतून गार वारा शिरत होता, म्हणून मीं त्यांत पंचा कोंबला, आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवूं लागलों. कन्या ताडकन् उठून म्हणाली, "बाबा, आधीं शेगडी बंद करा, आणि तो पंचा काढा!" तिचा स्वर मला त्या वेळीं लागला, हें खरें. पण तिचें म्हणणें अक्षरशः जिवाचें होतें. तो झरोका बांधणाराची चूक नव्हे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळती झाली तर तो तळाशीं साचतो व त्याच वाटेनें बाहेर पडतो. शिवाय कोंडलेल्या जागेंत ज्योतीला प्राणवायु अपुरा पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि निजलेल्या माणसाला तें कळतहि नाहीं. वाऱ्याच्या रात्रीं जीव जातो तो बहुधा असा, बाहेरच्या वादळानें नव्हे, तर वादळाला बाहेर ठेवण्याच्या खटाटोपानें. त्या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र मिळतें. तें गाडींत आहे व चालतें आहे, हें पहिल्याच दिवशीं पाहावें. उबेसाठीं लोंकरीचे कपडे व जाड पांघरूण पुरे.

दोनच्या सुमारास गाडी एकाएकीं पुन्हां डोलूं लागली. वादळाचें केंद्र उत्तरेकडून सरकत असलें म्हणजे आग्नेयेचा वारा फिरून नैर्ऋत्येचा होतो. तसेंच झालें होतें, आणि इमारतीचा आडोसा निरुपयोगी झाला होता. कन्येनें इंजिन चालू केलें, गाडी काटकोनांत वळवून भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नेली, व काहीं न बोलतां पुन्हां पांघरूण ओढलें. सौभाग्यवतींनीं त्यानंतर गाडी उलटण्याविषयीं विचारलें नाहीं. सकाळीं आठ वाजतां चहा करतांना मीं आधीं झरोका उघडा असल्याचें पाहिलें, मग शेगडी पेटविली.