उजनीच्या हिरव्या पाण्यातलं इंधन

सोलापूरकरांना शेवाळाची ओळख नव्यानं करून द्यायला नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनी जलाशयात उतरतं. पाणी संथ, ऊन कडक, वर नत्र-स्फुरदाचा फुकटचा खुराक. मग पाण्यावर हिरवी साय धरते.

यातून डिझेल निघेल का? आशेला आधार नक्की आहे. सूक्ष्म शेवाळाच्या काही जातींत कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, क्वचित त्याहूनही जास्त तेल साठतं आणि त्यांना सुपीक जमीन लागत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ याच आशेवर संशोधन केलं आणि ते थांबवलं. एक्झॉनमोबिल २००९ मध्ये उतरली, २०२३ पर्यंत तिनंही अंग काढून घेतलं.

अडतं ते शेवाळाच्या स्वभावापाशी. नत्र तोडलं की ते तेल साठवतं, पण त्याची वाढ खुंटते. भरपेट वाढलेल्या शेवाळात तेल कमी. शिवाय उघड्या उथळ हौदात लिटरभर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅमच शेवाळ असतं. ते गाळून वाळवण्यातच मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्च होतो. उजनीत तर मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शेवाळं आढळतात. त्यांत तेल बेताचंच, आणि काही वाण विष सोडतात. त्यामुळे या सायीतून डिझेल काढण्याचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅसचं गणित मात्र वेगळं. हवाबंद टाकीत ओलं शेवाळ थेट कुजवता येतं, वाळवावं लागत नाही. शहराच्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करणारा प्रकल्प सोलापुरात उभा राहिलेला आहे, तेव्हा हे तंत्र इथे परकं नाही.

तेलाच्या शेवाळाची शेती करायचीच, तर ती या साखर पट्ट्यातल्या आसवनीच्या कुंपणाला लागून करावी. मळी आंबताना जितकं इथेनॉल तयार होतं, जवळपास तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइडही निघतो, तोही बराच शुद्ध. एक किलो शेवाळ वाढायला असा सुमारे पावणेदोन किलो वायू लागतो. पाणी मात्र सांडपाण्याचंच हवं. उघड्या हौदातून रोज वाफ होऊन उडणारं पाणी उजनीतून भरून काढणं या दुष्काळी जिल्ह्याला परवडणार नाही.