विहीर सामायिक, पाळी ज्याची त्याची



उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचे वजन आणि पंधरवड्याचे बिल ही कामे आता अनेक कारखान्यांत संगणकावर होतात. मोबाईलवर बिल बघणारा सभासद आता नवलाचा राहिलेला नाही. "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" हे वाक्य गट ऑफिसात चिटबॉयच्याही तोंडी बसले आहे. आपण ते ऐकतो आणि माघारी फिरतो. पाटाचे पाणी आले नाही तर आपण असे गप्प माघारी फिरतो काय? कुणी दार फोडले, कुणी पाळी मोडली, याचा छडा लावल्याशिवाय राहत नाही. सर्व्हरच्या बाबतीतही प्रकार बराचसा तोच असतो, म्हणून ही चार पाने खर्ची घातली नाहीत तरी चार परिच्छेद घालतो.

सर्व्हर म्हणजे एक दणकट संगणकच. त्याच्यावर एकच काम चालत नाही. कारखान्याची जाहीर वेबसाईट, सभासदांच्या बिलाची प्रणाली, ऊस नोंदीची प्रणाली, कामगारांच्या पगाराची प्रणाली अशी चार बिऱ्हाडे एकाच यंत्रात नांदू शकतात. दारात आलेला ब्राउझर आधी सांगतो, मला अमुक नावाकडे जायचे आहे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने हे नाव सांगणे सक्तीचे केले. त्यामुळे पत्ता एक आणि नावे अनेक, ही सोय सर्रास झाली. अपाची, एनजिनएक्स यांसारखे वेब सर्व्हर ते नाव वाचून माणसाला त्या त्या बिऱ्हाडाकडे धाडतात.

इथवर सगळे सुरळीत. घोटाळा होतो तो नियम सामायिक ठेवल्यावर.

समजा, प्रणाल्या पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत. पीएचपीची एक सामायिक नियमवही असते. कुठलीही एक फाईल २ एमबीपर्यंतच चढवता येईल, एका कामाला १२८ एमबीपर्यंतच मेमरी मिळेल, असे आकडे तिच्यात मुळातच लिहिलेले असतात. आता ऊस नोंदीसाठी सातबाऱ्याचा फोटो चढवायचा आहे. हल्लीच्या मोबाईलचा फोटो ४-५ एमबीचा सहज असतो. तो चढत नाही. लोक ओरडतात. मग घाईगर्दीत कुणीतरी सामायिक वहीच उघडतो आणि फाईलची मर्यादा वाढवतो. हात लागलाच आहे तर मेमरीही ५१२ एमबी करून टाकतो. झाले! एका वाफ्याला पाणी कमी पडले म्हणून सगळ्या रानाचे बांध फोडले.

हिशेब करून बघा. यंत्रात ८ जीबी मेमरी आहे आणि एका वेळी ४० कामे चालायला मुभा आहे. १२८ च्या हिशेबाने जास्तीत जास्त ५ जीबी लागेल, म्हणजे भागते. ५१२ च्या हिशेबाने २० जीबी! प्रत्येक काम पूर्ण वाटा उचलतेच असे नाही, हे खरे. पण बिले निघाल्याच्या दिवशी हजारो सभासद एकदम दार ठोठावतात, त्याच वेळी ऑफिसातून कुणी हंगामाचा भलामोठा अहवाल काढतो, आणि मेमरी संपते. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादे मोठे काम ठार करतो. पुष्कळदा बळी जातो तो डेटाबेसचा, म्हणजे ज्यात वजने आणि बिले आहेत त्याचाच. फोटो चढवण्यासाठी केलेली दुरुस्ती, आणि बंद पडले बिल!

यावर इलाज फार खर्चाचा नाही. २०१० साली पीएचपीच्या ५.३.३ या आवृत्तीत एफपीएम नावाची व्यवस्था आली. तिच्यात प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र गट देता येतो, त्याला पूल म्हणतात. नोंदीच्या पूलला फाईल ८ एमबी, बाकीच्यांना जुनीच मर्यादा. वेबसाईटला एका वेळी ५ कामे, बिलाला २०. वेबसाईटवर गर्दी झाली तर वेबसाईट रखडेल, बिलाच्या वाट्याला ती हात घालणार नाही. मात्र फाईलची मर्यादा वाढवली की संपूर्ण अर्जाची मर्यादा तिच्याहून मोठी ठेवावी लागते. नाहीतर फोटो तर जात नाहीच, भरलेला अर्जही कोरा पोचतो. शिवाय पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबीची असते. वरचे दार बंद ठेवून शेतातले दार उघडले तर पाणी यायचे कुठून?

काट्याची नोंद तर माझ्या मते या गर्दीत ठेवूच नये, तिला यंत्रच वेगळे द्यावे. पण ते राहो.

पाण्यापेक्षा मोठा प्रश्न किल्ल्यांचा आहे. चारही प्रणाल्या एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालत असतील, तर एकीला दुसरीच्या फायली वाचता येतात. वेबसाईटवरच्या जुन्या, दुर्लक्षित भागातून चोर शिरला, तर बिलाच्या डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या हाती पडू शकतो. तुमचा बँक खाते क्रमांक तिथे आहे, हे विसरू नका. प्रत्येक पूलला वेगळा वापरकर्ता दिला आणि फायलींचे हक्क आवळले की ही वाट पुष्कळशी बंद होते.

वेळेचेही बघावे. पीएचपी मुळात जागतिक वेळ धरते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १६ तारखेच्या पहाटे २ वाजता झालेले वजन अशा घड्याळात १५ तारखेच्या रात्री ८.३० चे दिसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाच्या पैशासाठी १४ दिवसांची मुदत घातली. ती ज्या तारखेपासून मोजायची, तीच तारीख हलली तर? एका प्रणालीत भारतीय वेळ आणि दुसरीत जागतिक वेळ असेल, तर पावती आणि बिल यांचा मेळ बसायचा नाही. म्हणून पूलच्या फायलीत आशिया/कोलकाता ही वेळ स्पष्ट लिहावी. मात्र तिथे ती पक्क्या प्रकारे लिहिली तरी प्रणालीच्या आतल्या कोडमधून ती बदलता येते, म्हणून तेही बघावे.

एक गोष्ट मात्र पूल वेगळे केले तरी सामायिकच राहते. सगळ्या पूलांचा मुकादम एकच असतो. एका पूलच्या फायलीत चुकीचा शब्द पडला आणि मुकादमाला पुन्हा उठवले, तर तो उठतच नाही, आणि चारही बिऱ्हाडे अंधारात. फाईल आधी तपासून घेण्याची आज्ञा एफपीएममध्येच आहे, दोन सेकंदांचे काम आहे. तपासणी झाल्याशिवाय आणि जुन्या फायलीची प्रत ठेवल्याशिवाय मुकादमाला हात लावू नये. आणि हे काम बिले निघण्याच्या दिवशी नको, गळीत बंद असताना आटोपावे.