विमानातली तहान

आगगाडीच्या प्रवासात काय प्यावे, हे दुधनीकरांना कोणी शिकवावे लागत नाही. चहा, मठ्ठा, नाही तर घरून भरून घेतलेले पाणी! विमानाचे मात्र तसे नाही. २०१९ मध्ये कलबुर्गीचे विमानतळ सुरू झाले आणि ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आयाही आता आपल्या भागात नवलाच्या राहिलेल्या नाहीत. अशा मंडळींना मी आवर्जून विचारतो, "विमानात काय प्यालात?" कोणी सांगते कोला, कारण तेवढे एकच नाव चटकन तोंडात आले. कोणी सांगते, शेजाऱ्याने मागितले तेच. आणि पुष्कळ बायका खालच्या आवाजात सांगतात, "काहीच नाही."

जिभेची फसगत

विमानातली निवड केवळ लहरीवर ठरत नाही. विमान ३०-३५ हजार फुटांवर असले, तरी आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका ठेवलेला असतो. हवेतील दमटपणा बहुधा २० टक्क्यांच्याही खाली जातो. नाक कोरडे पडते, वास नीट येत नाही. सर्दी झाल्यावर आमटी अळणी लागते ना? तसाच हा प्रकार.

जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीच्या लक्षात आले, की विमानात टोमॅटोचा रस बिअरच्या बरोबरीने खपतो. २०१० मध्ये तेथील फ्राउनहोफर संस्थेने जमिनीवरच विमानाचा एक भाग उभा करून, त्यात हवेचा दाब कमी करून लोकांच्या जिभेची परीक्षा घेतली. मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागली. जमिनीवर मातकट वाटणारा टोमॅटोचा रस मात्र तेथे रुचकर लागला.

२०१५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दुसरी बाजू पुढे आली. विमानाच्या घरघरीइतका, म्हणजे ८५ डेसिबलचा आवाज कानावर सतत पडला, की गोडाची चव मंदावते आणि 'उमामी' ही चव तीव्र होते. उमामी म्हणजे पिकलेल्या टोमॅटोच्या साराला असते ती भरीव चव. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ती वेगळी ओळखली.

आरोग्याशी संबंध काय?

गोड फिके लागते, म्हणून माणूस आणखी गोड पितो. पण साखर रक्तात जायची तेवढी जातेच. मधुमेहींनी हे ध्यानात ठेवावे. मात्र घाम फुटून, हात थरथरून साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर साखरेचे पेय हेच औषध. तेथे 'डाएट' पेयाचा उपयोग नाही. डबाबंद टोमॅटोच्या रसात मीठ बरेच असू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो बेताने घ्यावा.

फसफसणाऱ्या पेयांचे आणखी एक. दाब कमी झाला की पोटातील वायू फुगतो. त्यात या पेयातील वायूची भर पडून पोट तडस लागते. कोला आणि कडक चहा-कॉफीने झोपही उडते. साधे पाणी, लिंबाचे सरबत किंवा मिळाल्यास ताक उत्तम. लहान मुलांना विमान उतरताना घोट घोट पाजावे. गिळल्याने कानाचे दडे सुटतात.

न पिणारी आई

खरी काळजी त्या "काहीच नाही" म्हणणाऱ्या आईची आहे. तिला तहान लागलेली असते. पण पाणी प्यायले तर संडासाला जावे लागेल, दार कसे उघडायचे ठाऊक नाही, खिडकीशी बसल्यामुळे दोन परक्या माणसांना उठवायचे कसे, या संकोचाने ती दहा-पंधरा तास कोरडी बसते. मग डोके दुखते, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. त्यातच ती जागची हलत नाही. चार तासांहून अधिक वेळ एकाच जागी बसल्याने पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर क्षणभरही न थांबता डॉक्टर गाठावेत.

म्हणून तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. आईला वाटेच्या कडेची जागा घेऊन द्या. विमानातील संडासाचे दार बऱ्याचदा मधोमध ढकलले की घडी होऊन आत उघडते आणि कडी लावली की दिवा लागतो, हे निघण्यापूर्वी समजावून सांगा. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यायला आणि अधूनमधून उठून चार पावले चालायला सांगा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि "पाणी द्या" हे मराठीत म्हणून पेल्याची खूण केली, तरी विमानातील सेविकेला ते समजते, हेही आईला जरूर सांगा.