सुमात्रातला उंदीर आणि होम्सचे चाहते

आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन वाचकाने स्वतःची नवी गोष्ट रचणं म्हणजे फॅन फिक्शन. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून ते उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. शेरलॉक होम्सच्या एका कथेत सुमात्रा बेटाशी संबंधित राक्षसी उंदराच्या प्रकरणाचा नुसता उल्लेख येतो. ती हकीकत होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी कधी सांगितलीच नाही. पुढे अनेकांनी ती आपापल्या परीने लिहिली. असं लिहायचं तर होम्सच्या कथा सांगणारा त्याचा मित्र वॉटसन, त्याच्या नजरेस काय पडेल, काय सुटेल, होम्स कुठे गप्प बसेल, हे सगळं मूळ कथा पुन्हा पुन्हा वाचून ठरवावं लागतं. नवशिक्या लेखकाला याहून चांगली तालीम मिळणं कठीण. खुद्द डॉयल यांनी, मित्र जे. एम. बॅरी यांनी होम्सवर रचलेली विडंबनकथा १९२४ साली आपल्या आत्मचरित्रात कौतुकाने छापली.

नीतीचा प्रश्न मात्र खरा आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या साहित्याचा स्वामित्वहक्क टिकतो. त्या मुदतीत परवानगीवाचून अशा गोष्टी विकून पैसे कमावणं सरळ गैर. मूळ लेखकाचं नाव ठळकपणे द्यावं. हयात लेखकाने नको म्हटलं, तर कायदा काहीही म्हणो, त्याचा शब्द राखावा. आणि दुसऱ्या चाहत्याची गोष्ट उचलणं तर अक्षम्यच.

घरातलं मूल वहीत असं काही लिहीत असेल, तर त्याला थांबवू नका. वाचून दाखव म्हणा.