गाळात पाय, उन्हात श्वास: पाणकणीस

दिवा सोडून लोकल कोपरकडे निघाली, की खाडीच्या बाजूला तिवरं दिसतात. खारं पाणी त्यांचं. जिथे गोडं पाणी किंवा सांडपाणी साचतं, तिथे राज्य पाणकणसाचं. काहीजण त्याला रामबाणही म्हणतात. पानं माणसाहून उंच, २-३ मीटरपर्यंत वाढणारी. रुंदी मात्र जेमतेम बोटभर. एवढी शिडशिडीत पाती खाडीवरच्या भन्नाट वाऱ्यात मोडत कशी नाहीत?

एखादं पान बुडाशी ब्लेडने आडवं कापून पाहावं. आत भरीव असं फारसं काही नाहीच! दोन पातळ पृष्ठभाग, त्यांना जोडणाऱ्या उभ्या भिंती आणि मधल्या पोकळ्यांत झिरझिरीत आडवे पडदे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा असाच कमी मालात ताठ राहतो. शिवाय पानाला लांबीभर पीळ असतो, त्यामुळे सगळं पान एकदम वाऱ्याच्या तोंडी येत नाही.

या पोकळ्यांचं खरं काम मात्र खाली आहे. डबक्याच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि पाणकणसाचं आडवं खोड तिथेच पसरलेलं. ऊन चढलं की कोवळ्या पानांत उष्णतेने आणि बाष्पाने दाब किंचित वाढतो. हवा खोडापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या, तुटक्या पानांवाटे बाहेर पडते. गाळातला मिथेनही याच वाटेने निसटतो. म्हणजे वाळून गेलेली पातीसुद्धा धुराड्याचं काम करत असतात.

म्हणूनच पाण्याच्या वरून केलेली छाटणी वाया जाते. काही आठवड्यांत रान पुन्हा हिरवं. खुंट पाण्याखाली बुडलेले राहतील असं कापलं, तर खोड गुदमरतं. पण सरसकट उपटावं असंही हे झाड नाही. मुळांतून थोडा प्राणवायू गाळात झिरपतो, त्यावर आणि मुळांभोवतीच्या जागेवर सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू पोसले जातात. जर्मनीत कॅथे झायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींच्या या गुणावर प्रयोग सुरू केले. आज जगभर अशी शुद्धीकरणाची तळी बांधली जातात.

तपकिरी कणसात लाखावर बिया असू शकतात. कापसासारख्या तंतूंवर त्या उडतात. बीभोवतीचं इवलंसं फळ पाण्यात पडलं की उकलतं आणि बी तळाशी जातं. त्याला हवा असतो फक्त उघडा, ओला चिखल. भराव टाकून आपण पाण्याच्या वाटा अडवतो, तेव्हा तो आयताच तयार होतो.